अडीच वॅट

चंद्रपुरात मे महिन्यात चहा गार होत नाही. अकरा वाजता आलेला कप फायलींच्या मागे विसरून जा, साडेबाराला आठवला की उचला, जीभ पोळेल. पारा ४६-४७ अंशांवर असतो, छताचा पंखा वरची गरम हवा इमानेइतबारे खाली आणून देतो, आणि लोखंडी कपाटाला चुकून कोपर लागलं तर माणूस शेजारच्या बाबूला सोडून थेट देवाला हाक मारतो. अशा गावात, अशा महिन्यात मी चहा गरम ठेवण्याचं यंत्र मागवलं.

याला कारण आमचा भाचा. तो पुण्याला, हिंजवडीत. त्याने आपल्या टेबलाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. टेबलावर एकही कागद नव्हता. मला वाटलं, पोराची नोकरी गेली. लगेच फोन केला. तो म्हणाला, "मामा, ते सेटअप आहे." मग त्याने एकेक वस्तू समजावून सांगितली. मनगटाखाली ठेवायची उशी. पायांसाठी टेबलाखाली टांगलेला झोपाळा. पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली. वेळ संपली की ओरडणारा ठोकळा. कप गरम ठेवणारी तबकडी. "यानं प्रॉडक्टिव्हिटी वाढते, मामा." आमच्या कार्यालयात ती दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप वाढते, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, पण हे भाच्याला सांगून आपलं मागासलेपण कशाला उघडं पाडायचं? दुपारी डबा खाऊन मोबाइल उघडला, तर त्याच सगळ्या वस्तू माझ्यापुढे रांगेने उभ्या. फोनने आमचं बोलणं ऐकलं की काय, कोण जाणे. माझं म्हणणं इतक्या तत्परतेने वरिष्ठांनीसुद्धा कधी ऐकलेलं नाही.

खोकं आलं. आमच्या शिपाईमामांनी ते टेबलावर ठेवलं आणि मी उघडेपर्यंत जागचे हलले नाहीत.

"बाबूजी, हे कायले आनलं जी?"

"यावर कप ठेवला की चहा गरम राहतो."

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अन् थंडा ठेवाचं नाही भेटलं का?"

तबकडीची वायर संगणकाला जोडायची होती. इथे थोडं पदार्थविज्ञान आडवं येतं. आमच्यासारख्या जुन्या संगणकाच्या यूएसबी खाचेतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. अडीच वॅटमध्ये चहा गरम राहत नाही, त्याला फक्त सहानुभूती मिळते. शहराला लागून दुर्गापूरला महाऔष्णिक वीज केंद्र आहे, २,९२० मेगावॉटचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं. त्याच्या चिमण्या आमच्या खिडकीतून दिसतात. त्या चिमण्यांच्या पायथ्याशी बसून माझ्या टेबलाच्या वाट्याला अडीच वॅट, तेही लाइन असेल तर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मोजता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी हार मानणारा नव्हे. एका खाचेच्या सात खाचा करणारी पट्टी आणली आणि तिच्यात तबकडी, बोटाएवढा पंखा, रंग बदलणारा दिवा आणि मोबाइल असे सगळे एकदम लावले. त्या वेळी संगणकावर एक अतितातडीचं पत्र टाइप होत होतं. पडदा काळा झाला.

साहेबांनी आतून विचारलं, "पत्र गेलं का?"

"साहेब, पत्राच्या आधी संगणक गेला."

बोटाएवढ्या पंख्याचं सांगायचं तर हवा अंगापेक्षा गरम असली की पंखा माणसाला गार करत नाही, वाळवतो. आमच्याकडे एप्रिलपासूनच हवा अंगापेक्षा गरम असते. पंख्याच्या खोक्यावर अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे उपकरण ३५ अंशांपर्यंतच वापरावं. म्हणजे चंद्रपूरच्या हिशेबाने डिसेंबर आणि जानेवारी. त्या दोन महिन्यांत आम्ही पंखा लावत नाही.

खरं पाहिलं तर आमच्या टेबलाचं मुख्य उपकरण खिडकीत असतं. कुलर. त्याच्या तोंडासमोर कोण बसतं यावरून कुठल्याही कार्यालयातली सेवाज्येष्ठता ओळखता येते. यादी प्रसिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिला झोत मोठ्या बाबूंना, त्यांच्या डोक्यावरून निसटलेला आवक-जावकला, आणि भिंतीला आपटून परत आलेला आम्हाला. बदलीचा आदेश हातात पडला की अनुभवी माणूस तिथले साहेब कसे आहेत हे नंतर विचारतो, आधी विचारतो, "कुलर कोणत्या बाजूला आहे?" कुलरमध्ये पाणी टाकणं मात्र कुणाच्याच कर्तव्यसूचीत नाही. मामा म्हणतात, माझं काम पाणी पाजण्याचं, माणसांना. सफाईवाले म्हणतात, टाकी आमची, पाणी आमचं नाही. दुपारी दोनला टाकी कोरडी पडते आणि पंप घरघरायला लागतो. मग ज्याला सर्वांत जास्त उकडतं तो मुकाट्याने बादली उचलतो. माझ्या वजनामुळे तो बहुतेक मीच असतो.

कुलरच्या ओल्या वाऱ्यात पाकिटं न चाटता चिकटतात. स्टेपलरच्या पिना गंजून अर्जावर तपकिरी ठसे उमटतात. आणि नव्या पद्धतीची टेबलं, भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, कडेकडेने फुगायला लागतात. सागवानाच्या मुलखात भुशाची टेबलं कशी, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. आमचं सागवान मोठ्या कामांना जातं; बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, त्याची शोभायात्रा निघाली होती. आमच्या कार्यालयात जुन्या सागवानाचं एकच टेबल उरलं आहे आणि सुदैवाने ते माझ्याकडे आहे. त्याच्या पायावर पांढऱ्या रंगात क्रमांक आणि 'चांदा' असं लिहिलेलं आहे. जिल्ह्याचं नाव १९६४ च्या सुमारास चंद्रपूर झालं, म्हणजे टेबल त्याच्या आधीचं. ते हलवायला चार माणसं लागतात, त्यामुळे कार्यालयात सहा वेळा फेरमांडणी झाली तरी मी आहे तिथेच आहे.

याच टेबलावर मी उभं राहून काम करण्याचा लाकडी मंच बसवला. बसून बसून माणूस लवकर मरतो, असं भाच्याने पाठवलेल्या एका व्हिडिओत म्हटलं होतं. मंच उघडला, संगणक वर चढवला, मी उभा राहिलो. समोरच्या बाजूला अर्जदार उभा होता. आमच्या कार्यालयात उभं राहून काम करण्याची पद्धत तशी फार जुनी आहे, पण ती काउंटरच्या पलीकडे. दोघेही उभे असलेले पाहून अर्जदार घाबरला. "साहेब, निघून रायले का? मी उद्या येऊ का जी?" असं म्हणून तो खरोखरच गेला. त्याच्या मागचेही गेले. बाबू उभा आहे म्हणजे बाबू चालला, हा निष्कर्ष त्यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून काढलेला होता. साहेबांना मात्र माझ्यापुढची रांग अर्ध्या तासात संपलेली दिसली आणि त्यांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. भाच्याची प्रॉडक्टिव्हिटी ती हीच असावी.

वारा आला की पेपरवेट आलाच. काचेत फुलं असलेले जुने पेपरवेट कधीच घरोघरी गेले, पोरांनी गोट्या म्हणून खेळून फोडले. आता ज्याचा त्याचा दगड. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दगडावरून माणसाची सगळी सेवापुस्तिका वाचता येते. घुग्घुसकडे नोकरी काढलेल्याच्या टेबलावर कोळशाचा तुकडा असतो. त्याने दाबलेल्या प्रत्येक अर्जावर साहेबांच्या आधी काळा शेरा पडलेला असतो. गडचांदूरकडून आलेला असेल तर चुनखडक. एटापल्लीला राहून आलेला लोहखनिजाचा खडा आणतो, दिसायला लिंबाएवढा आणि उचलायला गेलं की मनगट खाली. वैनगंगेचा गोटा सर्वांत सात्त्विक. सिरोंच्याहून आलेल्या एका बाबूंकडे लाकडासारखा दिसणारा दगड होता. तिकडे वडधमला जीवाश्म उद्यान आहे; ज्युरासिक काळातली झाडं दगड होऊन पडली आहेत आणि तिथलं काही उचलायचं नसतं. बाबू शपथेवर सांगत, हा माझ्या अंगणातला. पण तो दगड ज्या फायलीवर ठेवलेला असे ती पाहिली की त्याच्या वयाबद्दल कुणाला शंका उरत नसे.

असल्या खाणकाम खात्यात मी हवेत तरंगणारी पृथ्वी आणून ठेवली. खाली विद्युतचुंबक, वर गोल, मध्ये दोन बोटं हवा. गोल आपला गरगर फिरतो. पेपरवेटच्या सदरात विकायला होता म्हणून घेतला. तरंगणाऱ्या वस्तूने कागद दाबला जात नाही, हे खोकं फोडल्यावर ध्यानात आलं. तरी शोभा होती. जावकच्या मॅडम खास बघायला आल्या, मोठे बाबू आले, दोन अर्जदारांनी तर नमस्कार केला. चुंबकाने टेबलावरच्या सगळ्या टाचण्या स्वतःकडे ओढून घेतल्या आणि माझ्या मनगटातलं घड्याळ पावणेबारावर थांबवलं. मग लाइन गेली. चुंबकाची शक्ती गेली, पृथ्वी आदळली, उडाली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने मामांचा आवाज आला.

"बाबूजी, पृथ्वी कपाटाखाली गेली जी. झाडूनं काढू का?"

मामांना यंत्रांचं वावडं आहे असा कुणी समज करून घेऊ नये. ते यंत्रांमुळे सोसलेले आहेत. पूर्वी साहेबांच्या टेबलावर डोक्यावर टिचकी मारायची पितळी घंटी होती. तिच्या आवाजावरून मामांना साहेबांचा मूड कळे: एक टिंग म्हणजे चहा, दोन म्हणजे फाइल, आणि न थांबता टिंगटिंग म्हणजे जिल्ह्याहून फोन आला. ती जाऊन बिनतारी घंटी आली, बावन्न सुरावटींची. शेजारच्या कार्यालयानेही त्याच दुकानातून तीच घेतली. या स्वस्त घंट्या साधारण एकाच लहरीवर चालतात, आणि मध्ये भिंत आहे की खातं बदललं आहे याच्याशी लहरीला देणंघेणं नसतं. तिकडच्या साहेबांनी बटण दाबलं की इकडे आरती वाजे. इकडच्या साहेबांनी दाबलं की तिकडचा शिपाई धावे आणि तिकडचे साहेब त्याला विचारत, "कशाला आलास?" मामा दिवसभर आत जात आणि "मी नाही वाजवली" ऐकून बाहेर येत. शेवटी त्यांनी स्वतःपुरता नियम केला: कुणीही वाजवली तरी उठायचं नाही, खरंच काम असेल तर माणूस हाक मारतो. हा नियम आजही लागू आहे आणि घंटीत नवीन सेल टाकण्याची मागणी कुणीही केलेली नाही.

माझी पाठ सरळ ठेवणारा पट्टा याच काळातला. पाठीला बांधायचा, माणूस वाकला की तो थरथरतो. आमच्या भागात दुपारच्या डब्यात भात असतो. भात, वरण, वांग्याची भाजी, वर जवसाची चटणी, आणि नंतर कुलरचा परतून आलेला झोत. तीन वाजता कार्यालयात ताठ बसलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. पट्टा थरथरू लागला की मी दचकून सरळ होई, पुन्हा वाके, पुन्हा थरथर. समोरच्या म्हाताऱ्या अर्जदाराला ते पाहवेना. तो म्हणाला, "साहेब, उचला ना जी फोन. कवापासून वाजून रायला. घरूनच असन."

तोच आरशाचाही काळ. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवायचा रुपयाएवढा गोल आरसा, मागून साहेब आले तर दिसावेत म्हणून. कल्पना जंगलातलीच आहे. वाघ शक्यतो मागून येतो, म्हणून सुंदरबनात १९८० च्या दशकात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांनी डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून पाहिले होते. ताडोब्याच्या दाराशी राहणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. पण मुखवटा निदान मागे बघतो असं वाटतं तरी. माझा आरसा बहिर्वक्र होता. बहिर्वक्र आरशात वस्तू असते त्याहून लहान आणि लांब दिसते, हे शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेबरोबर विसरलो होतो. आरशात साहेब पार दारापाशी, करंगळीएवढे दिसत होते. मी निवांत पृथ्वीसाठी नवीन चुंबकाच्या किमती बघत होतो. करंगळीएवढे साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "स्वस्त आहे का?"

मामांनी नंतर समजूत घातली. "आरसा लावून काही फायदा नाही जी. आता साहेब मागून नाही येत, व्हॉट्सअ‍ॅपवरून येते."

यथावकाश माझी बदली गडचिरोलीत, भामरागडकडे झाली. तिचा आणि वरच्या प्रसंगाचा काही संबंध नाही, असं आदेशात प्रशासकीय कारणास्तव या शब्दांत म्हटलेलं होतं. गडचिरोलीत नोकरी करणाऱ्याला ६ ऑगस्ट २००२ ही तारीख लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ असते; तिथे मिळणाऱ्या एकस्तर पदोन्नतीच्या पगाराचा शासन निर्णय त्या दिवशीचा. त्या जादा पैशाचं काय करायचं याचा निर्णय शासनाने घेतलेला नाही, म्हणून मी घेतला. पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली मागवली. मोबाइल सांगू लागला, वस्तू आलापल्लीला आली. मग पाऊस लागला. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भेटतात आणि पावसाळ्यात त्या गावालाही भेटायला येतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागलं की गावाचा जगाशी संपर्क तुटतो. तेवढे दिवस बाटली आलापल्लीला आणि मी तीन नद्यांच्या मध्ये. पूर ओसरल्यावर ती आली. खाली चिखल, भिंतीला ओल, छताला गळती, खिडकीतून दिसणारं पात्र दुथडी. आणि टेबलावर ही बया दर तासाला लाल दिवा लावून किंचाळते, पाणी, पाणी! तिथले शिपाईभाऊ गंभीरपणे म्हणाले, "साहेब, हिले गावातले हाल सांगा ना जी कोणी."

तिकडच्या कार्यालयात खरी चालणारी वस्तू एकच पाहिली: ताडपत्री. सायंकाळी घरी निघताना संगणकावर घालायची, सकाळी काढायची, वर साचलेलं पाणी कुंडीत ओतायचं. नेटवर्कचं उपकरणही स्थानिकच होतं, मोहाचं एक झाड. त्याच्या बुंध्याशी, ओढ्याकडे तोंड करून उभं राहिलं की दोन काड्या येत. हजेरीचं ॲप, बैठकीचे व्हिडिओ, घरचे फोन सगळं त्या झाडाखाली. मी वाळवी आणि पाली पळवणारं, माणसाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचं एक यंत्र भिंतीत खोचलं होतं. पावसाळ्यात ते किंचित उबदार राही. दोन पाली कायम त्याच्यावरच झोपत. वाळवीने त्याचं खोकं खाल्लं, हमीपत्रासकट.

ताण घालवायला भाच्याने बोटावर फिरवायची भिंगरीही पाठवली होती. तिचं मोठं स्वागत होईल अशी माझी अपेक्षा होती, कारण आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कार्यालयीन बोटं रिकामी राहत नाहीत. ती खर्रा घोटत असतात. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर चोळत राहायचं. फाइल वाचून होते, निर्णय होतो, खर्रा चालूच. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखूच्या मागे लागलं आहे, डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने त्यात पुढाकार घेतला. मी भिंगरी टेबलावर ठेवली आणि खर्ऱ्याऐवजी ही फिरवा म्हणून छोटं भाषण केलं. सर्वांनी आळीपाळीने फिरवली. एकाने विचारलं, "हे फिरवून झालं की तोंडात टाकाचं का?" दुसऱ्या दिवशी भिंगरी दिसेना. पुढे कळलं, तिच्यातला बेअरिंगचा छर्रा कुणाच्या तरी पोराच्या सायकलला नेमका बसला. माझ्या सगळ्या सामानात लोकांच्या उपयोगी पडलेली ती एकमेव वस्तू.

परत चंद्रपूरला आलो तेव्हा निरोपाला पेनस्टँड मिळाला. बांबूचा. यात कौतुक वाटण्यासारखं आहे आणि मला वाटतंही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावाने २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार हातात घेतला, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याने कित्येक दशकं याच बांबूचा लगदा करून देशाला कागद पुरवला. तक्रार बांबूची नाहीच, सत्काराची आहे. बदली, पदोन्नती, निवृत्ती, महिला दिन, वन्यजीव सप्ताह, काहीही असो, बांबूचा पेनस्टँड. माझ्या टेबलावर पाच झाले, आणि पाचांत मिळून पेन शून्य. पेन ठेवलं की गेलंच. समोरचा माणूस "जरा सही करतो" म्हणून घेतो आणि सहीबरोबर पेनही करून टाकतो. त्यात एक पेनस्टँड आठवडी बाजारातला निघाला. बांबू बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या पाण्यात मुरवला नाही तर त्याला भुंगा लागतो, आणि तो लागला. रोज सकाळी टेबलावर पिवळसर पिठाची ढिगोळी. जावकच्या मॅडमनी पहिल्या दिवशी ती हळद समजून कपाळाला लावली.

मग जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारची १०० दिवसांची मोहीम आली. सात कलमं होती. त्यांतलं आम्हाला सर्वांत आधी दिसलं ते स्वच्छता. जुनं सामान काढा, अडगळ निर्लेखित करा. मागचं कपाट उघडलं. सायक्लोस्टाइल यंत्र निघालं, दोन मराठी टंकलेखन यंत्रं निघाली, त्यातल्या एकाचा 'ळ' उडालेला. लाल फितीची न फोडलेली रिळं, फायली शिवायचे दाभण, आणि खालच्या फळीवर माझी बदलीच्या वेळी राहून गेलेली संपत्ती: तबकडी, मंच, पट्टा, आरसा, पोचा पडलेली पृथ्वी.

समितीने सायक्लोस्टाइल दहा मिनिटांत निकालात काढलं. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होती. माझ्या वस्तूंपाशी येऊन समिती थांबली.

"याची नोंद कुठं आहे?" मोठ्या बाबूंनी विचारलं.

"माझ्या खाजगी आहेत त्या. घरी नेतो."

"शासकीय कपाटात सापडल्या. घरी कशा नेणार?"

"मग फेकून द्या."

"नोंद नसलेली वस्तू निर्लेखित करता येत नाही. आधी नोंद घ्यावी लागेल."

"घ्या."

"नोंदीला बिल लागतं."

बिल माझ्या नावाचं होतं. म्हणजे खरेदी शासनाची नाही. मग देणगी म्हणून नोंद घ्यावी असं ठरलं. देणगी स्वीकारायला वरिष्ठांची परवानगी लागते, आणि उपयुक्ततेचा दाखला लागतो. हवेत तरंगणाऱ्या पृथ्वीची कार्यालयीन उपयुक्तता काय, या रकान्यात काय लिहावं यावर चर्चा झाली. मामांनी सुचवलं, "लिहा ना जी, टाचण्या गोळा करते." तेच लिहिलं गेलं. प्रस्ताव ई-ऑफिसमधून पाठवला, मग त्याची छापील प्रत काढून फायलीला लावली, कारण ई-ऑफिसचा प्रस्ताव फायलीत नसला तर तो पाठवला याला पुरावा काय? वरून त्रुटी आली आहे: वस्तू चालू स्थितीत आहेत किंवा कसे, याचा स्पष्ट अहवाल सादर करावा. अहवाल द्यायचा तर त्या लावून पाहाव्या लागतील, आणि संगणकाची खाच अजून अडीच वॅटचीच आहे.

घरी ही हकिगत सांगितली तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, बरं झालं. सरकारने तुमची एक तरी वस्तू ठेवून घेतली." भाच्याचा परवा फोन आला होता. त्याने सगळं सेटअप विकलं, आता टेबलावर एक वही आणि पेन्सिल असते म्हणे, फार शांत वाटतं. त्याच्या कंपनीत अशा रिकाम्या टेबलाचं शिबिर झालं, पैसे भरून. मी त्याला एक वही-पेन्सिल इकडे पाठवून द्यायला सांगणार होतो, पण मग आठवलं की पेन्सिलही कुणीतरी नेईल.

तर परवानगी आली की या सर्व वस्तू जाहीर लिलावाने विकल्या जातील. तारीख कार्यालयाच्या फलकावर लागेल. इच्छुकांनी अर्ज दोन प्रतींत द्यावा, रांगेत उभं राहावं, मी उभा दिसलो तरी निघून जाऊ नये. आणि येताना पेन स्वतःचं आणावं. आमचं सुतळीने टेबलाला बांधलेलं आहे आणि सुतळी खिडकीपर्यंत पोहोचत नाही.